मनगटावरची अडीच मीटर दोरी

एके काळी प्रवासाला निघालेला माणूस लोटा आणि दोरी बरोबर घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे. वाटेवर विहीर भेटेल, पण तिच्या काठावर पोहरा असेलच याची शाश्वती नसे. पुढे नळ आले, बाटलीतले पाणी आले आणि दोरी आपल्या सामानातून नाहीशी झाली. आता ती एका वेगळ्या रूपात परतली आहे आणि थेट मनगटावर येऊन बसली आहे. गिर्यारोहकांच्या, दुचाकीस्वारांच्या, महाविद्यालयीन मुलांच्या हातात घट्ट विणीचे, रंगीत, जाडसर कडे आपण पाहिले असेल. त्यालाच ‘पॅराकॉर्ड ब्रेसलेट’ म्हणतात. अनेकांना तो केवळ फॅशनचा प्रकार वाटतो. मलाही तसेच वाटत असे.

हवाई छत्रीची दोरी

पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची दोरी. १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे रेशीम बंद झाले, तेव्हा पॅराशूटसाठी हेच नायलॉन कामी आले. जमिनीवर उतरलेले सैनिक छत्रीच्या दोऱ्या कापून घेत आणि सामान बांधण्यापासून तंबू ताणण्यापर्यंत सर्व कामांना वापरीत. पुढे १९९७ साली हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या ‘एसटीएस-८२’ या मोहिमेतील अंतराळवीरांनाही ही दोरी उपयोगी पडली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेर विणलेले नायलॉनचे आवरण आणि आत साधारणतः सात स्वतंत्र धागे. सर्वाधिक प्रचलित प्रकाराला ‘५५० कॉर्ड’ म्हणतात, कारण ती किमान ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलोचा स्थिर ताण सहन करते. जाडी मात्र जेमतेम चार मिलिमीटर! एका ब्रेसलेटमध्ये साधारण अडीच मीटर दोरी सामावते. आतले सातही धागे ओढून काढले, तर सुमारे साडेसतरा मीटर बारीक, चिवट दोरा हाती येतो.

रोजच्या जीवनात

हिचा उपयोग होण्यासाठी जंगलातच जायला हवे असे नाही. रेल्वेच्या गर्दीत बॅगेचा पट्टा तुटतो, बुटाची नाडी ऐन वेळी दगा देते, दुचाकीवरील खोके घसरू लागते, परगावच्या खोलीत ओले कपडे वाळत घालायला आधार नसतो. अशा वेळी दोरी हवी असते आणि ती नेमकी घरी राहिलेली असते. बारीक धाग्याने उसवलेली पिशवी शिवता येते. हात दुखावलेल्या व्यक्तीसाठी ओढणीची झोळी करून ती बांधता येते. काही ब्रेसलेटच्या बकलमध्ये शिट्टी असते. थांबून थांबून वाजवलेली शिट्टी हा मदतीसाठीचा संकेत आहे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

राजगडाची उतरण

माझ्याकडचे ब्रेसलेट माझ्या भाच्याने उन्हाळी शिबिरात शिकून स्वतःच्या हाताने विणलेले होते. त्या पावसाळ्यात शाखेतील आम्ही काही सहकारी राजगडावर गेलो. चोरदरवाजाने गुंजवण्याकडे उतरताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या बुटाचा तळ संपूर्ण उखडला. पाऊस कोसळत होता आणि पायाखालचा कातळ निसरडा झाला होता. उपाय माझ्या मनगटावर होता, परंतु भाच्याने इतक्या हौसेने विणलेली वस्तू उसवण्यास मन धजेना. प्रथम रुमाल बांधून पाहिला, मग प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली. दहा पावलांत दोन्ही सुटले, साहेब घसरले आणि त्यांचा गुडघा चांगलाच सोलवटला. सुदैवाने त्याहून अधिक काही झाले नाही.

मग मात्र मी ब्रेसलेट सोडले. गारठलेल्या बोटांना ती घट्ट वीण उलगडायला दहा मिनिटे लागली. दोरीचे दोन तुकडे करून बुटाला आडवे-उभे वेढे दिले, गाठी पायाच्या वरच्या बाजूस घेतल्या आणि गुंजवणे येईपर्यंत तो तळ जागचा हलला नाही. ते दोन वेढे दहा पावले आधी दिले असते, तर तो गुडघा वाचला असता, ही खंत आजही आहे.

मर्यादांचे भान

या दोरीविषयी अवास्तव विश्वासही घातक ठरतो. २५० किलोचा आकडा स्थिर वजनाचा आहे. पडणाऱ्या माणसाचा झटका त्याहून कितीतरी मोठा असू शकतो आणि गाठ मारली की दोरीचे बळ घटते. म्हणून कडा चढण्या-उतरण्यासाठी ती कदापि वापरू नये. रक्तस्राव थांबवण्यासाठी अशी बारीक दोरी आवळू नये, ती मांसात रुतते. तेथे स्वच्छ कापडाचा दाबच योग्य. नायलॉन घर्षणाच्या उष्णतेने वितळते, म्हणून एका दोरीवर दुसरी घासू देऊ नये. फिरत्या यंत्राजवळ काम करताना ब्रेसलेट काढून ठेवावे. बकलमध्ये पाते असेल तर ते विमानाच्या हातसामानात नेता येत नाही. खरेदी करताना दोरीचे टोक उलगडून आतले धागे मोजावेत. बाजारात पोकळ किंवा भुशासारखे तंतू भरलेल्या नकली दोऱ्याही मिळतात. आणि एकदा तरी घरी निवांतपणे ते सोडून पाहावे. संकटाची वेळ ही शिकण्याची वेळ नव्हे.

मोडण्यासाठीच साठवण

राजगडावरील माझा संकोच मला बँकेच्या काउंटरवर पुनःपुन्हा दिसतो. घरात आजारपण येते, रुग्णालयाचे बिल वाढत जाते, परंतु वर्षानुवर्षे जपलेल्या मुदत ठेवीला हात लावायचा नाही म्हणून काही ग्राहक बाहेरून जबर व्याजाने रक्कम उचलतात. ठेव न मोडताही तिच्या तारणावर कर्ज मिळू शकते, हे अनेकांच्या गावीही नसते. ठेव आहे, पण तिचा उपयोग कधी व कसा करायचा हे ठाऊक नाही. मनगटावर दोरी असूनही रुमाल बांधत बसलेल्या माझ्यात आणि त्यांच्यात फरक तो काय? साठवण जपावी हे खरेच, परंतु तिचे सार्थक वेळेला ती सोडण्यात आहे.

घरी परतल्यावर चिखलाने माखलेले ते दोन तुकडे मी ओशाळून भाच्यासमोर ठेवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि हसून म्हणाला, “मामा, अरे, ते सोडण्यासाठीच तर असतं!” मग त्याने ते तुकडे धुऊन वाळवले, टोके आईकडून मेणबत्तीवर वितळवून जोडून घेतली आणि रात्रीपर्यंत ब्रेसलेट पुन्हा विणून दिले. जोड आलेल्या जागी वीण किंचित जाड झाली आहे. तेच ब्रेसलेट आज माझ्या मनगटावर आहे.