वृद्धांची वसाहत

2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षे ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक भरली. एकत्र कुटुंबाच्या काळी घरातील वृद्धांकडे लक्ष देण्यास चार हात सहज मोकळे असत. आज मुले नोकरीनिमित्त दूर गावी राहतात आणि आईवडील मागे एकटे उरतात. त्यांचा सांभाळ कोणी व कसा करावा, हा प्रश्न जगातील सर्वच देशांपुढे उभा आहे. अमेरिकेतील लोकांनी त्याचे एक उत्तर शोधले. ते समजून घेण्यासारखे आहे.

त्या देशात काही धर्मसंस्था पूर्वी वृद्धांसाठी आश्रम चालवीत. आश्रमात येणाऱ्याने आपली चीजवस्तू संस्थेच्या स्वाधीन करावी आणि संस्थेने त्याला आमरण सांभाळावे, अशी तेथील रीत असे. त्यांतूनच पुढे वृद्धांच्या मोठमोठ्या वसाहती वाढल्या. एकाच आवारात सांभाळाच्या निरनिराळ्या पायऱ्या असणे, हे या वसाहतींचे वैशिष्ट्य होय.

पहिल्या पायरीवर लहान लहान घरे असतात. तेथील वृद्ध आपापला संसार स्वतः चालवितात. वाचनालयात जावे, बागेत खपावे, मन होईल तेव्हा सामुदायिक भोजनगृहात जेवावे, असा त्यांचा दिनक्रम असतो. छपराची डागडुजी किंवा हिवाळ्यात दारापुढचा बर्फ काढणे ही कामे मात्र संस्था करते. दुसऱ्या पायरीवर प्रत्येकाला स्वतंत्र खोली असते; पण स्नान, कपडे, वेळेवर औषध यांसाठी मदतनीस येतो. तिसरी पायरी शुश्रूषागृहाची. तेथे परिचारिका रात्रंदिवस हजर असतात. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे, अशांसाठी पुष्कळ ठिकाणी वेगळा विभाग असतो. या पायऱ्या केवळ उतरण्यासाठी असतात असे मात्र नव्हे. खुब्याचे हाड मोडलेली एखादी आजी काही आठवडे शुश्रूषागृहात राहून पुन्हा आपल्या घरी परतू शकते.

कोणाला किती साहाय्य लागते, हे ठरवावे कसे? सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह 1963 साली यासाठी एक साधे माप प्रसिद्ध केले. स्नान करणे, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि आपल्या हाताने जेवणे, अशी सहा कामे त्याने निवडली. यांपैकी कोणती कामे माणूस स्वतः करतो, एवढेच पाहावयाचे. कॅट्झ यांना असे दिसून आले, की सर्वसाधारणपणे स्नानासारखे अवघड काम आधी सुटते आणि हाताने घास घेणे सर्वांत शेवटी. लहान मूल ही कामे ज्या क्रमाने शिकते, जवळजवळ त्याच्या उलट हा क्रम आहे.

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण म्हणतो. त्या म्हणण्याला येथे काही आधार सापडतो. तरी ते पुरते खरे नाही. मुलांनो, तुम्हांला कोणी भरविले, तेव्हा तुम्हांला त्याची लाज वाटली नव्हती. परंतु ज्याने सारे आयुष्य घर चालविले, त्याला दुसऱ्याच्या हाताने सदरा घालावा लागला तर मनाला यातना होतात. म्हणून साहाय्य बेताचे असावे लागते. एखाद्या आजोबांना सदऱ्याच्या गुंड्या लावण्यास पाव तास लागत असेल, तर अधीर मदतनीस त्या अर्ध्या मिनिटात लावून मोकळा होतो. असे रोज घडले, तर आजोबांच्या बोटांची उरलीसुरली सवयही जाते. चांगला मदतनीस शेजारी उभा राहतो, वाट पाहतो आणि अडेल तेथेच हात लावतो.

एकाच आवारात या सर्व पायऱ्या असण्याचा लाभ पतिपत्नींपैकी एकजण आजारी पडला म्हणजे कळून येतो. दूरच्या गावी शुश्रूषागृह असेल, तर भेट क्वचितच घडावयाची. येथे आजोबा शुश्रूषागृहात असले, तरी आजी आपल्या घरातून पाच-दहा मिनिटांत चालत जाऊन त्यांच्यापाशी बसू शकतात.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. अनेक वसाहतींत प्रवेशासाठी मोठी रक्कम भरावी लागते आणि पुढे दरमहा शुल्कही द्यावे लागते. कित्येकजण राहते घर विकून हा पैसा उभा करतात. गरिबांना हे साधत नाही; आणि संस्थाच बुडाली, तर वृद्धांची पुंजी धोक्यात येते. दुसरी उणीव अशी, की शेजारीपाजारी सारेच वयस्क. मुलांचा गलका कानी पडत नाही. नेदरलँड्समधील डेव्हेंटर गावच्या एका वृद्धनिवासाने त्यावर नामी उपाय योजला. 2012 च्या सुमारास तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भाड्यावाचून खोल्या देण्यास आरंभ झाला. भाड्याऐवजी प्रत्येकाने महिन्याला तीस तास वृद्धांच्या सहवासात घालवावे, एवढीच अट.

आपल्याकडे पुण्यासारख्या शहरांत ज्येष्ठांसाठी वसाहती उभ्या राहत आहेत. तथापि आपले बहुतेक वृद्ध आजही घरीच असतात, आणि आईवडिलांचा निर्वाह करण्याचे कर्तव्य 2007 च्या कायद्याने मुलांवर सोपविले आहे. तेव्हा प्रत्येक घरालाच या पायऱ्या ओळखता आल्या पाहिजेत. तुमच्या घरी आजीआजोबा असतील, तर कोणते काम त्यांना अजून आपल्या हाताने करावेसे वाटते, हे त्यांना विचारा. ते काम त्यांच्याकडे राहू द्या. आणि जेथे त्यांचा हात थरथरतो, तेथे आपला हात पुढे करा.