कुठली गोळी घेतली होती?

त्वचारोगाच्या ओपीडीत दुखणं लपत नाही. रुग्ण बाही वर करतो, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढतो, आणि चट्टा समोर येतो. वेळ जातो तो त्याचं कारण खणून काढण्यात. ‘काही औषधं चालू आहेत का?’ असं सरळ विचारलं तर बहुतेक जण ‘छे, काही नाही’ म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. डोकं दुखलं म्हणून घेतलेली गोळी, सत्यनारायणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी, मेडिकलवाल्यानं पट्टीतून कापून दिलेल्या दोन, जावेनं दिलेलं मलम, यातलं काहीच त्यांच्या हिशेबात औषध नसतं. म्हणून मी प्रश्न फोडून विचारते. दात दुखला होता? जुलाब झाले होते? सुई घेतली का? तरीही हाती काही लागलं नाही, तर घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगते. पिशवी टेबलावर उपडी केली की निम्मं काम होतं.

फिक्स्ड ड्रग इरप्शन हा माझ्या आवडीचा आजार. आजार कसला आवडायचा म्हणा, पण त्याचं निदान करताना मजा येते. एखाद्या औषधाची रिॲक्शन म्हणून अंगावर एक गोल, जांभळट-लाल चट्टा उठतो. त्याची आग होते, कधी मधोमध फोड येतो. आठ-पंधरा दिवसांत तो बसतो आणि मागे पाटीच्या रंगाचा डाग ठेवतो. पुन्हा तेच औषध पोटात गेलं की अर्ध्या तासापासून आठेक तासांत, नेमक्या त्याच जागी, तो डाग पेटून उठतो. फ्रेंच डॉक्टर ब्रॉक यांनी १८९४ साली त्याला हे ‘फिक्स्ड’ विशेषण दिलं. कारण बरंच नंतर कळलं. पहिल्या वेळी आलेल्या टी-पेशींपैकी काही त्या जागच्या वरच्या थरातच मुक्काम ठोकून राहतात आणि औषध ओळखलं की भोवतालच्या पेशींवर तुटून पडतात. फुटलेल्या पेशींतलं रंगद्रव्य खालच्या थरात उतरतं. तिथून ते लवकर निघत नाही, म्हणून डाग महिनोन् महिने राहतो. औषध घेतच राहिलं तर जुन्या डागासोबत नवे उठू लागतात.

हे डाग ओठांवर येतात, हातापायांवर येतात आणि पुरुषांच्या लिंगावरही येतात. ही शेवटची जागा संसारात आग लावते. एक जोडपं आलं होतं. नवरा खाली मान घालून बसलेला, बायको भिंतीकडे बघत. गावातल्या कुणीतरी ‘बाहेरची लागण’ असं सांगून टाकलेलं, एचआयव्हीची तपासणी दोनदा झालेली आणि दोन्ही वेळा काही निघालेलं नाही. जखम दर तीन-चार महिन्यांनी त्याच जागी होते आणि आपोआप बरी होते, हे ऐकल्यावर मी त्याच्या पोटाची चौकशी सुरू केली. तो ट्रकवर होता. ढाब्यावरचं खाणं बाधलं की ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी घ्यायचा. आपल्याकडे जुलाबावर ही गोळी चिठ्ठीवाचूनही सर्रास मिळते, आणि या आजाराच्या नेहमीच्या संशयितांत ती आहे. को-ट्रायमोक्साझोल, टेट्रासायक्लिन आणि वेदनाशामक गोळ्याही त्याच रांगेतल्या. आधी मी बायकोला समजावलं. तिला ते पटायला त्याच्यापेक्षा कमी वेळ लागला.

जोडगोळीतला गुन्हेगार कोण, हे शोधायला पॅच टेस्ट करतात. एरवी ती पाठीवर करतात. इथे निरोगी पाठीवर औषध लावलं तर बहुधा काहीच उठत नाही, कारण त्या टी-पेशी तिथे नसतात. म्हणून औषध जुन्या डागावरच लावावं लागतं. तेवढ्यानं उलगडलं नाही, तर थोड्या मात्रेत औषध पोटात देऊन बघता येतं, पण ते दवाखान्यात, लेखी संमतीनं, आणि अंगभर फोड आलेल्या माणसाला कधीच नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत या आजाराचं ठळक कारण म्हणून फिनॉल्फ्थॅलिन भेटतं. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत गुलाबी होणारं हे द्रव्य एके काळी रेचक म्हणून विकत असत.

पुरळ आला की लोकांना खाजेची धास्ती असते. मी धास्तावते ती ‘अंग खाजत नाही, दुखतंय’ या वाक्यानं. सोबत ताप, डोळ्यांची आग, तोंडात सालपटं, अंगावर काळपट-लाल ठिपके असले तर मी खुर्चीवरून उठते. ठिपक्याच्या बाजूची कातडी बोटानं हलकेच सरकवून बघते. ती सुटून आली तर तपासणीचे कागद नंतर, आधी भरती. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. १९२२ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये त्याचं वर्णन केलं. शरीराच्या १० टक्क्यांपर्यंत कातडी सुटली तर हे नाव, ३० टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, ज्यात तीनातला साधारण एक रुग्ण दगावतो. शुश्रूषा भाजलेल्या माणसासारखीच करावी लागते.

इथे गोळ्यांच्या पिशवीपेक्षा तारखा महत्त्वाच्या. नातेवाईक बीपीच्या गोळीवर बोट ठेवतात, आणि ती दहा वर्षं चालू असते. ती बहुधा निर्दोष. चार दिवस ते आठ आठवडे या पट्ट्यात नव्यानं सुरू झालेलं औषध बघायचं. फिटसाठी किंवा चेहऱ्यातल्या कळांसाठी दिलेलं कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल, फेनिटॉइन, सल्फा. संशयित औषध जितक्या लवकर थांबेल तितकी वाचण्याची शक्यता वाढते, हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपचार.

सगळीच औषधं थांबवायची नसतात. कुष्ठरोगाच्या उपचारात क्लोफाझिमिन असतं. त्यानं कातडी तांबूस-तपकिरी, पुढे जवळजवळ काळी पडते, नडग्या कोरड्या होऊन खवले धरतात, घामालाही लाली येते. बारा महिन्यांचा कोर्स. आजार कुणाला दिसत नव्हता, औषधानं तो गावाला दाखवला, असं एक बाई म्हणाली, आणि माझ्याकडे त्यावर तयार उत्तर नव्हतं. रंग औषध संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षा-दीड वर्षात उतरतो. अर्धवट सोडलेल्या उपचारानं बधिर झालेला हात परत येत नाही. मी हे दर महिन्याला नव्यानं सांगते, कारण त्रास दर महिन्याला नव्यानं होतो.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट वेगळी. सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही छोटी आणि पिवळीच. आजोबा अदलाबदल करून मेथोट्रेक्सेट रोज घेतात आणि तोंडभर जखमा, चट्ट्यांवरची कातडी सोललेली, रक्तातल्या पेशी घसरलेल्या अशा अवस्थेत येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ लिहिण्याइतका वेळ आपल्यापाशी असायला हवा.

मलमांचं मात्र मला राग आल्याशिवाय लिहिता येत नाही. नायट्यावर क्लोबेटासोल, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये घालून विकतात. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. कड्यात कडं, त्यात आणखी कडं असं रूप दिसलं की ट्यूब न बघताच कळतं. जांघेत पांढऱ्या-जांभळ्या फाटलेल्या रेघा उरतात, त्या कायमच्या. तीच मलमं गोरेपणासाठी चेहऱ्यावर गेली की गाल लाल होतात, उन्हात जळतात, लव वाढते, आणि मलम थांबवलं की आग दुप्पट होते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे.

अशा रिॲक्शनची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून आहे. तिचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. फॉर्म छोटा आहे, नुसता संशय असला तरी भरता येतो, आणि रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या नंबरवर स्वतः कळवता येतं. गर्दीच्या ओपीडीत तो मागे पडतो, हे खरं.

रुग्णाला मी एक कार्ड देते. त्यावर औषधाचं मूळ नाव मराठीत आणि इंग्रजीत, कारण ब्रँड बदलला तरी आतला माल तोच असतो. ट्रकवाल्यानं ते खिशात ठेवलं आणि रोखठोक विचारलं, मग आता जुलाब झाले तर काय घ्यायचं? ओआरएसची पुडी, मी म्हटलं. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. रक्त पडलं, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर जवळच्या डॉक्टरकडे जा, आणि आधी कार्ड दाखवा.