नंबर लागेपर्यंत

बल्कर हा टँकरचाच चुलतभाऊ. दुधाच्या किंवा डिझेलच्या टँकरला तोटी असते. ती उघडली की माल आपोआप खाली येतो. सिमेंट तसं येत नाही. बल्करच्या फुगीर पोटाच्या तळाशी कापडी पट्टे असतात, त्यांतून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली की कोरडी भुकटी उकळत्या दुधासारखी वर येते, पाण्यासारखी वाहू लागते आणि जाड रबरी पाइपातून थेट सायलोच्या, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीच्या, टोकापर्यंत चढते. आतला दाब दोन बारच्या आसपास ठेवायचा. कमी झाला तर माल पाइपात अडकतो आणि जास्त झाला तर सायलोच्या माथ्यावरचं फिल्टर धूळ ओकतं. अडकलेला पाइप घाईत, दाब न उतरवता सोडला, तर त्याचं तोंड सापासारखं उसळतं. तीसेक टन सिमेंट असं फुंकून काढायला तासभर तरी लागतो. हे काम करतो चालकच. क्लीनर नावाचा माणूस बहुतेक गाड्यांवरून केव्हाच उतरला आहे.

मुकुटबनला या गाड्या नव्या आहेत. झरी-जामणी तालुक्यातलं, पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाला खेटून असलेलं हे गाव कापसाच्या आणि कोळशाच्या पट्ट्यातलं. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, कोलामी, गोंडी सहज कानावर पडते. जमिनीखाली चुनखडक. वर्धा आणि पैनगंगा नद्यांपलीकडे घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर ही चंद्रपूर जिल्ह्यातली सिमेंटची गावं जुनी. मुकुटबनचा कारखाना त्यांच्या मानानं धाकटा. रिलायन्सच्या सिमेंट कंपनीकडून हा प्रकल्प २०१६ साली बिर्ला कॉर्पोरेशनकडे आला आणि २०२२ मध्ये वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. एवढं सिमेंट गोण्यांतून, रेल्वेनं आणि बल्करांतून बाहेर पडतं. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळायची मुभा भारतीय मानक देतं. औष्णिक वीज केंद्रातून सिमेंट कारखान्यांकडे जाणारी राखही बल्करांतूनच जाते. चंद्रपूर परिसरात करड्या पोटाच्या या गाड्या दिवसरात्र फिरताना दिसतात त्या यामुळेच.

आता चालकाचं घड्याळ.

कोणत्याही सिमेंट कारखान्याच्या फाटकाबाहेर रांग असते आणि रांगेत नंबर असतो. आधी कागद, मग रिकाम्या गाडीचा काटा, मग लोडिंगच्या नळकांड्याखाली गाडी बरोबर झाकणाशी आणून उभी करायची. पोटावर चढून झाकण उघडायचं, भरून झालं की बंद करायचं. पुन्हा भरल्या गाडीचा काटा, पावती, ई-वे बिल. गाडीत सिमेंट पडायला लागलं की भरणं उरकतंच. वेळ जातो तो नंबर लागेपर्यंत. माल खाली करायच्या ठिकाणीही तेच: आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटचा सायलो भरलेला असेल, तर तो रिकामा होईपर्यंत गाडी बाहेर. या वाट पाहण्यात चालक गाडीपासून लांब जाऊ शकत नाही. पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची, नाहीतर मागचा भोंगा वाजवतो आणि नंबर जातो. झोप लागते ती अशी, स्टिअरिंगवर डोकं टेकून, दर काही मिनिटांनी मोडणारी. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा केबिनमध्ये तीही लागत नाही.

कायदा या वेळेला काय म्हणतो, हे वाचताना मी थबकलो. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीनं १० आणि ५४. सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची विश्रांती, आठवड्यातून एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी. कागदावर उत्तम. पण कामाचे तास म्हणजे काय, याची व्याख्या वाचा. गाडी चालू असतानाचं काम त्यात येतं, गाडीची देखभाल आणि माल भरणं-उतरवणं ही पूरक कामं येतात, आणि तिसरं येतं ते टर्मिनलवरचं नुसतं हजर राहणं, मात्र पंधरा मिनिटांच्या आतलं.

पंधरा मिनिटं! ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एसटी स्टँड असावं. बस लागते, प्रवासी चढतात, कंडक्टर घंटी मारतो; तिथं पंधरा मिनिटं पुरेशी. सिमेंटच्या फाटकावरची रांग त्यांच्या कल्पनेत नव्हती. व्याख्येच्या सुरुवातीला 'मालकाच्या दिमतीला असलेला वेळ' असे प्रशस्त शब्द आहेत, आणि एखादा वकील त्यावर बोट ठेवून चार तासांची रांगही कामातच धरायला लावू शकेल. पण व्यवहारात तसा हिशेब कोण मांडतो? चालकाला पैसे फेरीवर मिळतात. रांगेत गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो, आणि तो भरून काढायचा तर रस्त्यावर, म्हणजे एक्सलेटरवर किंवा झोपेवर. डोळ्यांवर झोप घेऊन पहाटे भरधाव जाणाऱ्या अवजड गाडीचं मूळ मला तरी बेफिकिरीपेक्षा आदल्या दिवशीच्या फाटकावर जास्त दिसतं.

केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा कामगार सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विरघळला. त्या पंधरा मिनिटांचं कलम मात्र नव्या संहितेतही उतरलं आहे. बदलला तो उंबरठा. जुना कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदाराला लागू होता, नवी संहिता दहापासून पुढे मोजते. आपल्याकडे ट्रकमालक म्हणजे बहुतेकदा एका-दोन गाड्यांचा धनी. तो स्वतःही कधी स्टिअरिंगवर बसतो. पाचच्या उंबरठ्याबाहेरच जो होता, त्याच्या चालकाला दहाच्या उंबरठ्यानं काय फरक पडणार?

राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक हवेत, असा एक नियम पूर्वी होता. त्यामागचा विचार साधा: एक चालवेल, दुसरा मागच्या बाकावर पाठ टेकेल. २०१८ साली ही अट सैल झाली. त्याच वर्षी जुलैत केंद्रानं धुऱ्यांवरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि सर्वांत मोठ्या जोडगाड्यांचं एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर गेलं. म्हणजे गाडीवरची माणसं कमी आणि पोटातला माल जास्त, हे दोन्ही एकाच वर्षात.

घड्याळ मोजायची यंत्रं आपल्याकडे नाहीत असंही नाही. ती मालासाठी आहेत. ई-वे बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी ठरली. मुकुटबनहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे एका दिवसाच्या मुदतीत बसतं. हैदराबादच्या बाजूला निघालं की दुसरा दिवस लागतो. मुदत उलटली तर गाडी अडते, दंड होतो. फास्टॅग टोलनाका ओलांडल्याची वेळ नोंदवतो, जीपीएस गाडी कुठं उभी आहे ते मालकाच्या मोबाइलवर दाखवतो. सिमेंट किती वाजता कुठं होतं, हे सेकंदापर्यंत सांगता येतं. ते चालवणारा माणूस कधी झोपला होता, याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

युरोपात साडेचार तास गाडी हाकली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि टॅकोग्राफ नावाचं यंत्र ते लिहून ठेवतं. अमेरिकेत सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत ११ तासच गाडी चालवता येते. २०१७ च्या डिसेंबरपासून तिथं ही नोंद इलेक्ट्रॉनिक झाली. म्हणून तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. गोदामाच्या दारातल्या खोळंब्याचे पैसे कोणी द्यायचे, हे भांडण तिथंही जुनंच आहे. आपल्याकडे नितीन गडकरींनी सप्टेंबर २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, केबिनमध्ये झोप ओळखणारी उपकरणं बसवावीत असं म्हटलं होतं. त्यातून लवकर हाती आली ती थंड केबिन: १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलन सक्तीचं झालं. जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही, आणि रस्त्यावर धावतात त्या बहुतेक जुन्याच.

टँकरचालकांची ताकद महाराष्ट्रानं एकदाच डोळे भरून पाहिली, १ आणि २ जानेवारी २०२४ ला. अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलमाविरुद्ध त्यांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि गावोगावच्या पंपांवर मोटारसायकलींच्या रांगा लागल्या. २ तारखेच्या रात्री केंद्रानं वाहतूकदारांशी बोलल्याशिवाय ते कलम लागू करणार नाही असं सांगितलं. १ जुलैला संहिता आली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. दोन दिवस पेट्रोलसाठी तिष्ठताना शहरातल्या लोकांनी जी चिडचिड केली, ती बल्करचालकाच्या रोजच्या रांगेपुढे काहीच नव्हती. शिक्षेचा प्रश्न निघाला तेव्हा गाड्या थांबल्या. तासांच्या प्रश्नासाठी त्या थांबल्याचं मला आठवत नाही.

सायलोपाशी कॉम्प्रेसर बंद झाला की कान काही क्षण बधिर होतात. चालक दाब उतरवतो, पाइप सोडून गुंडाळतो, तोंडावरचा ओला रुमाल काढून डोळे पुसतो. सिमेंटची भुकटी घामाला लागली की चुन्यासारखी झोंबते. मग हातोडा घेऊन गाडीच्या पोटावर ठिकठिकाणी ठोकून पाहतो. भरीव आवाज आला तर कोपऱ्यात माल राहिलाय, पोकळ आला तर गाडी खाली. पावतीवर सही-शिक्का झाला की तो मोबाइल काढतो आणि फाटकावर सध्या कितवा नंबर चालू आहे ते विचारतो.