चौसष्ट किलोबाइटच्या चौकटीत

वापरात असलेला एडिटर अचानक बंद पडला आणि कित्येक तासांचे लिखाण नाहीसे झाले, तेव्हा स्टीव्ह कर्कंडल या प्रोग्रॅमरने स्वतःच नवा एडिटर लिहायला घेतला. युनिक्सवरचा सर्वपरिचित एडिटर म्हणजे बिल जॉय यांनी १९७०च्या दशकात लिहिलेला ‘व्हीआय’. पण त्यात एटी अँड टीच्या मालकीचा कोड असल्यामुळे तो कुणालाही मोकळेपणाने वाटता येत नसे. म्हणून त्याच्यासारखे चालणारे, पण मुळापासून नव्याने लिहिलेले एडिटर तयार होऊ लागले होते. कर्कंडल वापरत असलेला ‘स्टीव्ही’ त्यांपैकीच एक. जानेवारी १९९०मध्ये त्यांनी आपला ‘एल्विस’ लोकांच्या हाती दिला. तो ज्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिला होता, तिचे नाव मिनिक्स. एल्विस त्या वेळी मिनिक्सचा भाग नव्हता. हवा त्याने घ्यावा, कंपाइल करावा, वापरावा; नको त्याने सोडून द्यावा.

मिनिक्सभोवती अशा ऐच्छिक प्रोग्रॅमचा मोठा पसारा उभा राहिला. इतिहास लिहिताना ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव घेतले जाते, या जोड-अवजारांचे क्वचितच. मला मात्र ठामपणे वाटते की मिनिक्सने जगाला जे शिकवले, त्यातले बरेचसे याच अवजारांमधून शिकवले.

मिनिक्सचा जन्मच शिकवण्यासाठी झाला. एटी अँड टीने १९७९मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती काढली आणि तिचा सोर्स कोड वर्गात शिकवण्यास परवान्यानेच मनाई केली. ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : चालती ऑपरेटिंग सिस्टीम उघडून दाखवता येत नसेल, तर विद्यार्थ्यांना शिकवायचे कसे? त्यांनी युनिक्ससारखीच वागणारी, पण युनिक्सची एकही ओळ न घेतलेली सिस्टीम लिहिली. १९८७मध्ये ती पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध झाली. गाभ्याच्या सुमारे १२,००० ओळी पुस्तकात छापलेल्या होत्या आणि साध्या आयबीएम पीसीवर फ्लॉपीवरूनही ती चालत असे.

‘साध्या’ म्हणजे किती साध्या, हे पाहिल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. त्या पीसीतला इंटेल ८०८८ प्रोसेसर मेमरीकडे ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत पाहत असे. मिनिक्समध्ये प्रोग्रॅमच्या सूचनांसाठी जास्तीत जास्त एक तुकडा आणि त्याच्या डेटासाठी दुसरा, एवढीच मर्यादा होती. शिवाय प्रोग्रॅम सुरू झाल्यावर त्याला जादा मेमरी देण्याची सोयही नव्हती. पंगत बसण्याआधी पाने मांडून ठेवावीत, तशी मेमरी आधीच नेमून द्यावी लागे. त्यासाठी ‘सीएचमेम’ नावाची छोटी आज्ञा होती. प्रोग्रॅमच्या फाइलच्या सुरुवातीलाच किती मेमरी राखायची हा आकडा लिहिलेला असे आणि सीएचमेम तो आकडा बदलत असे. कमी दिली तर वाढत जाणारा स्टॅक डेटावर आदळून प्रोग्रॅम कोसळे. जास्त दिली तर ती वाया जाई आणि दुसरा प्रोग्रॅम सुरू व्हायला जागा उरत नसे. आज आपण ज्याचा विचारही करत नाही, तो हिशेब तेव्हा प्रत्येक अवजार बसवणाऱ्याला स्वतः करावा लागे.

एल्विसची रचना याच मर्यादेतून घडली. स्टीव्ही सगळा मजकूर मेमरीत धरून ठेवत असे. मिनिक्सवर ते परवडणारे नव्हते, आणि प्रोग्रॅम कोसळला की मजकूरही जाणार होता. कर्कंडल यांनी मजकूर डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवला. तिचे १०२४ बाइटचे ठोकळे केले आणि ठोकळ्यांचा क्रम सांगणारी यादी पहिल्या ठोकळ्यात लिहिली. संपादन चालू असलेले थोडेच ठोकळे मेमरीत असत. त्यामुळे मेमरीत न मावणारी फाइलही उघडता येई आणि एल्विस बंद पडला तरी त्या तात्पुरत्या फाइलमधून मजकूर परत मिळवता येई. मेमरीची टंचाई आणि गेलेल्या मजकुराची चिंता, या दोन्हींवर एकच उपाय सापडला होता. पुढे एल्विस मिनिक्सच्या वितरणात समाविष्ट झाला, सुरुवातीच्या लिनक्समध्येही आला. ‘एनव्हीआय’ हा बीएसडीचा एडिटर लिहिताना कीथ बॉस्टिक यांनी सुरुवात एल्विसच्याच कोडपासून केली.

ही अवजारे एकमेकांपर्यंत पोहोचवणे हेसुद्धा कौशल्याचे काम होते. त्या वेळच्या नेटवर्कवरून फक्त साधा मजकूरच सुखरूप जाईल याची खात्री असे. मग प्रोग्रॅमची बायनरी फाइल पाठवायची कशी? ‘यूयूएनकोड’ हे अवजार तीन बाइट, म्हणजे २४ बिट घेई, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडी आणि प्रत्येक गटाच्या किमतीत ३२ मिळवून त्याचे छापता येण्याजोगे अक्षर बनवी. एका ओळीत ४५ बाइट बसत आणि त्यांची ६० अक्षरे होत. ओळीचे पहिले अक्षर बाइटची संख्या सांगे. ४५मध्ये ३२ मिळवले की ७७, आणि ७७ हा रोमन लिपीतल्या कॅपिटल ‘एम’चा संकेतांक. म्हणून अशा फाइलची जवळजवळ प्रत्येक ओळ ‘एम’नेच सुरू होई.

पाठवण्यापूर्वी फाइल ‘कॉम्प्रेस’ने आवळली जाई. हा प्रोग्रॅम मजकुरात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरसमूहांचा कोश तयार करतो आणि पूर्ण समूहाऐवजी त्याचा क्रमांक लिहितो. मोठ्या युनिक्स संगणकांवर हे क्रमांक १६ बिटांचे असत. म्हणजे कोशात ६५,५३६ नोंदी. एवढा कोश ६४ किलोबाइटमध्ये मावणे शक्य नव्हते. म्हणून मिनिक्सवर १३ बिट वापरले जात आणि नोंदी ८,१९२वर येत. मोठ्या संगणकावरून मिनिक्सवाल्यांना फाइल पाठवणाऱ्याने १३ बिटांची सूचना आठवणीने द्यायची, ही रीतच होती.

इतके लोक इतकी अवजारे लिहीत असताना टॅनेनबॉम यांनी ती सगळी मूळ सिस्टीमला का जोडली नाहीत? कारण एका सत्रात विद्यार्थ्याला ती पूर्ण समजली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. नव्या सोयींच्या बहुतेक मागण्या त्यांनी नाकारल्या. अनेकांना हे खटकले. मला हा नकार योग्य वाटतो. गाभा लहान राहिला म्हणून तो वाचता आला, आणि वाचता आला म्हणूनच त्यावर लिहिण्याचे धाडस लोकांना झाले. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस इव्हान्स यांनी मिनिक्स ३२ बिटांच्या ३८६ प्रोसेसरवर नेले, पण तेही पॅचच्या रूपात. मूळ प्रत विकत घ्यायची आणि बदललेल्या ओळी लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ या प्रोग्रॅमने तिच्यात बसवायच्या, अशी ती पद्धत होती.

१९९१मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने असेच मिनिक्स आपल्या ३८६ संगणकावर बसवले. विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमवरून जोडून देणारा त्यातला टर्मिनल प्रोग्रॅम त्याला पसंत पडला नाही. त्याने स्वतःचा लिहिला, तोही खाली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम न ठेवता, थेट हार्डवेअरवर चालणारा. फाइल उतरवून घ्यायच्या म्हणून त्याला डिस्क ड्रायव्हर लिहावा लागला, मग फाइल सिस्टीम. तिची रचना त्याने मिनिक्सचीच ठेवली. हा विद्यार्थी म्हणजे लिनस टॉरवल्ड्स. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपल्या कामाची माहिती मिनिक्स वापरणाऱ्यांनाच पहिल्यांदा दिली आणि बॅश हा शेल व जीसीसी हा कंपायलर त्यावर चालतात, हे आवर्जून सांगितले. नुसत्या गाभ्याचा उपयोग नसतो, लोकांची अवजारे त्यावर चालली पाहिजेत, हे त्याला पक्के ठाऊक होते. एका जोड-अवजारापासून सुरू झालेले हे काम आज लिनक्स म्हणून जगभरच्या सर्व्हरवर आणि अँड्रॉइड फोनमध्ये चालते.

टॅनेनबॉम यांची पुस्तके आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही वाचली जातात. पण बहुतेकदा व्याख्या आणि आकृत्या पाठ करण्यापुरती. मिनिक्सचा सोर्स कोड २०००पासून बीएसडी परवान्याखाली सर्वांना मोफत खुला आहे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की एका सत्रात विद्यार्थ्यांना तो उघडून द्या आणि ६४ किलोबाइटमध्ये मावेल असे एक उपयोगी अवजार प्रत्येकाकडून लिहून घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे त्या एका प्रोग्रॅममधून जितके कळेल, तितके दहा आकृत्यांमधून कळणार नाही.