चालते आहे, तोवरच पाहावे

मृग नक्षत्र जवळ आले, की उचगाव परिसरातील जाणता गृहस्थ घर शाकारून घेतो. फुटकी कौले काढतो, नवी बसवितो. घर गळू लागेपर्यंत तो थांबत नाही. कारण पाऊस घरात शिरल्यावर शिडी लावण्यात अर्थ नसतो, हे त्यास वडिलांपासून ठाऊक असते. परंतु हाच शहाणा गृहस्थ दारातील मोटारीविषयी मात्र म्हणतो, "चालते आहे ना? मग कशाला हात लावायचा?" प्रिय वाचकहो, या एका वाक्यापायी किती चांगली इंजिने मोडीत निघाली असतील, याची गणती नाही.

आमच्याकडील एका तरुणाने मध्यंतरी एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस विकत घेतली. ही गाडी २००४ साली भारतात आली. चार सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, १.८ लिटरचे टर्बो इंजिन आणि सुमारे दीडशे अश्वशक्ती, असा तिचा थाट. त्या काळी आपल्या रस्त्यांवर असे बळ विरळाच होते. आता तिचे वय वीस वर्षांच्या पुढे गेलेले. पूर्वीच्या मालकाने काय बदलले आणि काय नाही, याचा एकही कागद नव्हता. तरुणाच्या मनात चकचकीत चाके आणि नवा गाण्याचा संच बसवावयाचा होता, आणि डिसेंबरात आईस चोर्ल्याच्या घाटाने जुन्या गोव्याच्या फेस्ताला न्यावयाचे होते.

बेळगाव हे यंत्रकारागिरीचे जुने माहेर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपले सायकलचे दुकान याच शहरात थाटले होते. तेथील एका अनुभवी मिस्त्रीने गाडीचा आवाज ऐकला आणि म्हटले, "आवाज झकास आहे. पण कागद नाही म्हणजे काहीच केलेले नाही, असे धरून चाला. चाके राहू द्या. आधी टायमिंग बेल्ट." आई जवळच उभी होती. ती म्हणाली, "चालतंय की बरं, मग उगीच कशाला खोलायलास?"

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यास उत्तर मात्र हवे. इंजिनाचे काही भाग कुरकुर करून आपले दुखणे सांगतात. टायमिंग बेल्ट तसा नाही. हा दातेरी रबरी पट्टा पिस्टनच्या हालचालीशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असता प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात पंचवीस वेळा उघडतो व मिटतो. पट्टा तुटला, की काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि वर येणारा पिस्टन त्यांवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडते, आणि बहुधा आधी सूचना मिळत नाही. शिवाय रबर केवळ धावण्याने नव्हे, वयानेही जीर्ण होते. यास्तव कंपनीच्या पुस्तिकेतील किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी भरेल, तेव्हा पट्टा बदलावा. या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो; म्हणून पंप, ताण देणारा टेन्शनर आणि पुली एकाच वेळी बदलणे हिताचे. मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल जुने झाले, की त्याचा गाळ खालच्या चेंबरमधील जाळीत अडकतो व वर पोहोचणारे तेल कमी पडते. म्हणून इतिहास ठाऊक नसलेल्या गाडीचे चेंबर एकदा उतरवून जाळी साफ करावी, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वेळेवर भरावे. घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद करू नये. मिनिट दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल करपत नाही. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर गाव जवळ आले म्हणून पुढे दामटू नये. तेथेच इंजिन बंद करावे.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतण्याची आपल्याकडील सवय वाईट. त्यातील क्षार आत साचतात. योग्य कूलंटच भरावा. थर्मोस्टॅट आणि कडक झालेले रबरी पाइप फुटण्यापूर्वीच बदलावे. कारण इंजिन एकदा अतिशय तापले, की ॲल्युमिनियमचे हेड वाकते व गॅस्केट जळते. मात्र या सर्व खर्चापूर्वी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ते समाधानकारक आणि जवळजवळ सारखे असेल, तर इंजिन पैसा घालण्याजोगे आहे. एखाद्यात फार कमी असेल, तर आधी त्याचे कारण शोधावे.

तरुणाने चाकांचा विचार सोडला. गाडी गॅरेजात उघडी पडली होती, म्हणून त्या डिसेंबरात मायलेक बसनेच गोव्यास गेली. परतल्यावर मिस्त्रीने जुना पट्टा आईच्या हाती ठेवला. वाकवून पाहता दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा दिसत होत्या. "हा कधी तुटला असता?" तिने विचारले. मिस्त्री प्रामाणिक होता. म्हणाला, "घाटात तुटला असता, किंवा आणखी वर्षभर चालला असता. सांगता येत नाही, आई. म्हणूनच बदलला."

वेळेवर केलेल्या निगेचा पुरावा कधी हाती येत नाही, ही तिची खरी अडचण होय. जे मोडले नाही, ते दिसत नाही; खर्च मात्र दिसतो. शाकारलेल्या घरात पावसाच्या रात्री आपण स्वस्थ झोपतो, तेव्हा कौलांची आठवण कोणास होते?

आता त्या गाडीत एक लहानशी वही असते. काय बदलले, कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर, हे तरुण तीत लिहून ठेवतो. पुढच्या फेस्ताला मायलेक त्याच गाडीने चोर्ल्याचा घाट उतरून गेली आणि चढून परत आली. वाटेत काहीच घडले नाही.