कारखान्याचें नामकरण

घरांत मूल जन्मास आलें कीं आपण पंचांग पाहतों, वडीलधाऱ्यांचा विचार घेतों आणि मग नांव ठेवतों. त्याच घरांतील तरुण यंत्रशास्त्राची पदवी घेऊन कारखाना काढूं लागला, म्हणजे मात्र त्या कारखान्याचें नांव पाटी रंगविणारा दारांत उभा राहिल्यावर ठरतें. या विषयाचा घरोघरीं थोडा विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें.

आमच्या मालवण तालुक्यांत किर्लोस नांवाचें गांव आहे. किर्लोस्कर हें आडनांव त्यावरून आलें. त्या कुळांतील लक्ष्मणराव व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें, आणि १८८८ सालापासून चालत आलेल्या त्या पेढीचें नांव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. त्यांत ना देवता, ना गुणवर्णन. मालास जबाबदार कोण, एवढेंच सांगितलेलें. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. तेथें नांव उपयोगीं पडलें नाहीं. नांगरानेंच नांवास अर्थ दिला. १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल रोडजवळ कारखाना नेल्यावर ती वसाहत किर्लोस्करवाडी झाली. गांवावरून आडनांव, आडनांवावरून पेढी, आणि पेढीवरून पुन्हां गांव!

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यानें आपल्या कंदिलास 'प्रभाकर' म्हटलें. प्रभा करणारा तो प्रभाकर. नांव खरोखर अन्वर्थक! कारखान्यास कुळाचें नांव व मालास गुणाचें, हा विवेक अनुकरणीय होय.

परंतु पाटीवर चढलेलें आडनांव केवळ घरचें राहत नाहीं. 'किर्लोस्कर' या नांवाच्या वापराचा वाद मुंबई उच्च न्यायालयांत गेला, आणि न्यायालयानें जुन्या कंपन्यांच्या लौकिकास संरक्षण दिलें. म्हणून एकत्र कुटुंबानें आरंभींच लिहून ठेवावें, कीं उद्यां भाऊ विभक्त झाले तर नांव कोणाकडे राहील. भांडीं वांटतां येतात, लौकिक वांटतां येत नाहीं. नुसतें 'मालवण' वा 'सिंधुदुर्ग' असें स्थलनाम घेतलें, तर त्यावर एकट्याचा हक्क कायद्यानें सहसा मिळत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

तेव्हां नांव उच्चारास सुलभ, अर्थास खरें आणि घरांतील सर्वांच्या संमतीचें असावें. ते एकदां ठेवलें, कीं लोकांनीं नांवें ठेवूं नयेत असा माल करणें, एवढेंच उरतें.