आज खारा वारा किती वाजता?



शिमगा सरत आला, की कोकणातील हवेचा नूर बदलतो. आंब्यावर मोहोर जाऊन कैऱ्या दिसू लागतात, विहिरींचे पाणी खाली जाते आणि दुपारी अंगणात अनवाणी पाऊल टाकवत नाही. अशा दिवसांत हवामानाच्या साप्ताहिक अंदाजात बहुधा या धर्तीचे शब्द असतात : 'कोकण किनारपट्टीवर हवा कोरडी राहील. कमाल तपमानात दोन ते तीन अंशांनी वाढ संभवते.'

वाचायला किती नीरस! ना पाऊस, ना वादळ. पण या दोन वाक्यांमागे जमीन आणि समुद्र यांची रोजची रस्सीखेच दडलेली आहे. तिचा निकाल बव्हंशी एका प्रश्नावर ठरतो : आज खारा वारा किती वाजता येणार?

उतावळी जमीन, सावकाश समुद्र

खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही भूगोलात शिकला आहात. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या वाळूला तिच्या सुमारे एक पंचमांशच पुरते. शिवाय सूर्यप्रकाश पाण्यात खोलवर शिरतो आणि लाटा ते पाणी सतत ढवळत असतात. त्यामुळे मार्च महिन्यात कोकणासमोरील अरबी समुद्राचा पृष्ठभाग दिवसरात्र २७-२८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. जमीन मात्र सकाळी गार आणि दुपारी भाजून निघालेली असते.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. किनाऱ्यावरचा हवेचा दाब किंचित कमी होतो आणि समुद्रावरची गार हवा जमिनीकडे धाव घेते. हाच खारा वारा. रात्री उलट घडते आणि पहाटे मतलई वारा समुद्राकडे वाहतो. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळीबांधव मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. त्यांचे घड्याळच ते!

खारा वारा किनाऱ्यावर पोचला, की तपमान चढायचे थांबते आणि बहुधा थोडे उतरतेही. म्हणजे तो अकरा वाजता आला तर पारा ३२-३३ अंशांवर अडतो. तो तीन वाजेपर्यंत आलाच नाही तर?

घाटावरून येणारा पाहुणा

त्याला अडवणारा एक प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे पूर्वेचा वारा. वसंत ऋतूत काही दिवस दख्खनच्या पठारावरून कोरडा, उष्ण वारा सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतो. खाली येताना हवेवरचा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी गरम होते ना, तसेच हे. कोरडी हवा दर १०० मीटर उतरताना सुमारे एक अंशाने तापते.

आता गणित करू. समजा, दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचे तपमान २४ अंश आहे. ती हवा समुद्रसपाटीपर्यंत आली, तर १५ अंशांनी तापेल. २४ अधिक १५ म्हणजे ३९ अंश! वरची 'थंड' हवा खाली येऊन आपल्याला भाजते, ती अशी.

हा वारा जोरदार असला, तर खाऱ्या वाऱ्याला तो किनाऱ्याबाहेरच रोखून धरतो. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत मार्चचे सरासरी कमाल तपमान सुमारे ३३ अंश आहे. पण २८ मार्च १९५६ रोजी तेथे ४१.७ अंशांची नोंद झाली, आणि २५ मार्च २०१८ रोजी पारा पुन्हा ४१ अंशांवर गेला. त्याच शहरातील कुलाबा वेधशाळा समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या भूभागावर असल्याने तेथील कमाल तपमान सहसा दोनएक अंशांनी कमी असते. आपले गाव समुद्रापासून किती दूर, हे अंदाज वाचताना विसरू नये ते यासाठीच.

अंदाज बांधतात कसा?

हवामान खाते ठरावीक ठिकाणांहून रोज दोनदा, पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडते. वर जाताना ही उपकरणे तपमान, आर्द्रता आणि दाब रेडिओने कळवतात. फुग्याच्या वाटचालीवरून वाऱ्याची दिशा व वेग कळतो. दीड किलोमीटर उंचीवर हवा किती उष्ण आहे आणि वारा कोणीकडून वाहतो, हे कळले की वरचे गणित मांडता येते. उपग्रहांची निरीक्षणेही जोडीला असतात. ही सारी माहिती घेऊन संगणक पुढच्या दिवसांची हवा गणिताने काढतो.

मात्र आजच्या मोजमापातली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बराच भरवशाचा असतो. सातव्या दिवशी वारे पूर्वेकडून असण्याचा कल सांगता येतो, पण खारा वारा किती वाजता येईल हे नाही. 'संभवते' हा शब्द पळवाट नव्हे. तो शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा आहे.

आकड्यापलीकडे

किनाऱ्यावर कमाल तपमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. सपाट प्रदेशात हीच मर्यादा ४० अंश आहे. किनाऱ्याला ही सवलत का? तेथील माणसांना एवढ्या उष्म्याची सवय नसते आणि हवाही दमट असते. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. खारा वारा पारा उतरवतो खरा, पण बाष्पही घेऊन येतो. म्हणून ३५ अंशांचा दमट दिवसही घातक ठरू शकतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर, भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला. त्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. असे प्रसंग टाळण्यासाठीच साप्ताहिक अंदाज असतो. शाळेचे क्रीडासंमेलन, लग्नाची वरात, शेतावरचे काम यांची वेळ आठवडाभर आधी बदलता येते. दुपारी एक वाजता, माणसे मैदानावर जमल्यावर नाही. आंब्याचा बागायतदारही अंदाज पाहून झाडांना पाणी देतो आणि बुंध्याभोवती पेंढ्याचे आच्छादन घालतो.

तुम्हीच व्हा वेधशाळा

किनाऱ्याजवळच्या शाळांनी एक प्रयोग जरूर करावा. व्हरांड्यात, सावलीत आणि भिंतीपासून दूर एक तापमापक टांगा. मोकळ्या जागी काठीला सुती कापडाची लांब पट्टी बांधा. सकाळी दहा ते दुपारी चार, दर अर्ध्या तासाने तपमान आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहा. फडकी पूर्वेकडून फिरून पश्चिमेकडून फडफडू लागली, की ती वेळ लाल शाईने नोंदवा. आठवड्याच्या शेवटी आलेख काढा : आडव्या अक्षावर खारा वारा आल्याची वेळ, उभ्या अक्षावर त्या दिवसाचे कमाल तपमान.

सात ठिपके काय सांगतात ते पाहा. मग आठवड्याच्या आरंभीचा हवामान खात्याचा अंदाज काढून शेजारी ठेवा. तो कोणत्या दिवसापर्यंत बरोबर निघाला? तुमच्या गुरुजींना आणि बाईंनाही या उत्तराची उत्सुकता असेल. पुढच्या वेळी 'हवा कोरडी राहील' असे ऐकाल, तेव्हा तुम्ही आधी त्या कापडाच्या पट्टीकडे पाहाल, आणि मैदानावर खेळायला कधी जायचे ते ठरवाल.